न विचारता घेतलेले दान



आपल्यापैकी ज्याने कधी तपासणीसाठी रक्त दिलेले नाही, असा माणूस आज सापडणे कठीण. सकाळी उपाशीपोटी जायचे, बाही वर करायची, मूठ आवळायची आणि दुसरीकडे पाहायचे. छोट्या नळीत रक्त भरते, नळीवर आपल्या नावाची चिठ्ठी लागते आणि संध्याकाळी रिपोर्ट हाती येतो. रिपोर्ट आपण जपून ठेवतो. नळीत उरलेल्या रक्ताचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. ते टाकून देत असतील, असे आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

पण समजा, ते रक्त कोणाच्या तरी मोठ्या कामाचे निघाले, तर ते कोणाचे? माझ्या शरीरातून आले म्हणून माझे, की नळी ज्याच्या हाती आहे त्याचे? प्रश्न वकिलांचा वाटतो, पण तो आधी श्रद्धेचा आणि विवेकाचा आहे. कारण त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न आहे : माझे शरीर माझ्या मालकीचे आहे का?

या प्रश्नाला खरी धार आली ती रक्तातील पांढऱ्या पेशींच्या अभ्यासामुळे. रक्ताच्या एका थेंबात लाल पेशी कोट्यवधी असतात. पांढऱ्या पेशी त्या मानाने फार थोड्या. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. पण रोगांपासून आपले रक्षण त्याच करतात. त्यांच्या अंगावर नाना तऱ्हेची प्रथिने असतात. काही प्रथिने शत्रू ओळखतात, काही दुसऱ्या पेशींना निरोप देतात आणि काही आपल्या पेशीची ओळख सांगतात. पांढऱ्या पेशींवरील या खुणांना शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले आहेत. १९८२ साली पॅरिसमध्ये भरलेल्या बैठकीत त्याची सुरुवात झाली आणि आज ती यादी साडेतीनशेच्या पुढे गेली आहे. एचआयव्हीच्या रुग्णाचा 'सीडी-४ काउंट' आपण ऐकलेला असतो. तो याच यादीतील चौथा क्रमांक.

या प्रथिनांपैकी 'एचएलए' नावाचा गट माणसामाणसांत वेगळा असतो. त्याचा अर्धा वाटा आपल्याला वडिलांकडून आणि अर्धा आईकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक इतकीच असते. ज्याला आपण रक्ताचे नाते म्हणतो ते नातेही इथे कधी कधी कमी पडते, आणि कधी न पाहिलेल्या परक्या माणसाची खूण जुळून येते. बोन मॅरोचे प्रत्यारोपण करताना डॉक्टर जुळवून पाहतात ती हीच खूण.

या अभ्यासाच्या इतिहासात दोन घटना आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की आपला प्रश्न स्पष्ट होतो.

पहिली घटना फ्रान्समधली. जाँ दोसे हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांना रक्त चढवण्याचे काम करत होते. पुढे १९५२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की ज्याला अनेकदा रक्त दिले गेले आहे अशा रुग्णाच्या रक्तातील द्रव काही माणसांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या करतो, पण सगळ्यांच्या नाही. म्हणजे पांढऱ्या पेशींवर माणसागणिक वेगळी अशी काहीतरी खूण असली पाहिजे. ती खूण शोधायची तर पुष्कळ लोकांचे रक्त हवे होते. पॅरिसच्या रक्तदात्यांनी ते दिले. पुढे काहींनी स्वतःच्या अंगावर दुसऱ्याच्या कातडीचा लहानसा तुकडा लावून घेण्यासही होकार दिला, तो किती दिवस टिकतो हे पाहता यावे म्हणून. त्यांतले कोणी आजारी नव्हते. त्यांना स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हते. १९५८ मध्ये दोसे यांनी पहिल्या खुणेचा शोध जाहीर केला आणि तिला नाव दिले 'मॅक'. प्रयोगाला मोठी मदत करणाऱ्या तिघा स्वयंसेवकांच्या नावांची ही आद्याक्षरे! १९८० मध्ये दोसे यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये एक संस्था उभी केली. अनेक कुटुंबांच्या रक्तातून मिळालेला डीएनए ती संस्था जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवू लागली, आणि त्यातून जे कळेल ते सर्वांसाठी खुले करावे अशी अपेक्षा ठेवली गेली.

दुसरी घटना अमेरिकेतली. जॉन मूर नावाच्या माणसाला १९७६ मध्ये रक्ताचा एक दुर्मीळ कर्करोग झाल्याचे निदान झाले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात त्याची पाणथरी काढण्यात आली. उपचार योग्य होता. त्याने त्याची प्रकृती सुधारली. पण पुढची सात वर्षे, १९८३ पर्यंत, त्याला सियाटलहून लॉस एंजेलिसला पुन्हा पुन्हा बोलावले जाई. दर खेपेला रक्त, कधी कातडी, कधी बोन मॅरो घेतला जाई. हे आपल्या प्रकृतीसाठी चालले आहे, अशी त्याची समजूत होती.

वस्तुस्थिती वेगळी होती. मूरच्या टी पेशी काही प्रथिने नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्रमाणात तयार करत होत्या. एरवी ही प्रथिने इतकी अल्प असतात की त्यांचा अभ्यास करणे फार अवघड. त्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा वंश तयार करण्यात आला आणि त्याला त्याच्याच नावावरून 'मो' हे नाव मिळाले. १९८१ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९८४ मध्ये पेटंट मिळाले. एका कंपनीशी करार झाला. डॉक्टरांना त्या कंपनीचे शेअर मिळाले आणि तीन वर्षांत किमान ३,३०,००० डॉलर देण्याचे ठरले. अशा प्रथिनांची बाजारपेठ १९९० पर्यंत सुमारे ३ अब्ज डॉलरची होईल, असे अंदाज त्या काळी छापून येत होते. मूरला हे कोणी सांगितले नाही. १९८३ मध्ये त्याच्यापुढे एक फॉर्म ठेवण्यात आला : माझ्या रक्तातून जे काही निर्माण होईल त्यावरचे हक्क मी देत आहे. तेव्हा त्याच्या मनात शंका आली. पुढे त्याने हक्क देण्यास नकार दिला, वकील गाठला आणि खटला भरला.

९ जुलै १९९० रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालय म्हणाले की संशोधनात आपला काय स्वार्थ आहे हे रुग्णाला सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. ते पाळले गेले नसेल तर मूरला दाद मागता येईल. परंतु शरीरातून काढलेल्या पेशींवर त्याची मालकी नाही. एक कारण असे दिले, की प्रत्येक पेशीवर मालकी हक्क लागू लागला तर संशोधनच ठप्प होईल. दुसरे कारण विचार करायला लावणारे आहे. मूरच्या पेशी जी प्रथिने तयार करत होत्या ती एकट्या मूरची नव्हती. तीच प्रथिने, त्याच रचनेची, प्रत्येक माणसाच्या शरीरात असतात.

बंधुभगिनींनो, या खटल्यात दोन उत्तरे समोरासमोर उभी होती. पहिले मूरचे : 'माझे शरीर माझी मालमत्ता आहे, म्हणून माझा वाटा द्या.' सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी असे मांडले होते, की प्रत्येक माणसाची स्वतःच्या देहावर मालकी असते. मूरची बाजू त्याच वाटेने जाते. दुसरे उत्तर समोरच्यांचे : 'शरीराबाहेर आलेली पेशी कोणाचीच नाही, ज्याने तिच्यावर श्रम केले त्याची ती झाली.'

पहिले उत्तर आपल्याला चटकन पटते, कारण फसवल्या गेलेल्या माणसाची बाजू आपण घेतो. पण ते शेवटपर्यंत नेऊन पाहू. शरीर जर शेतासारखी किंवा घरासारखी मालमत्ता असेल, तर ते विकायलाही हरकत नसावी. मग विकणार कोण? ज्याच्याकडे विकायला दुसरे काही उरलेले नाही तो. आपल्या देशाने हे भोगलेले आहे. पैशासाठी रक्त विकणारे 'व्यावसायिक रक्तदाते' एके काळी आपल्याकडे सर्रास होते. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून त्यावर पूर्ण बंदी आली. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये एक पुस्तक लिहून ब्रिटनमधील रक्तदान आणि अमेरिकेतील रक्तविक्री यांची तुलना केली होती. विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे ठरते, असे त्याचे म्हणणे होते. गरजू माणूस आपला आजार लपवून रक्त विकतो. स्वेच्छेने देणाऱ्याला लपवण्याचे कारण नसते.

दुसरे उत्तर तर त्याहून निसरडे आहे. 'कोणाचेच नाही' म्हटले, की ते बलवानाचे होते. गावच्या गुरचरणीचे काय होते ते आपण पाहतो.

मग ख्रिस्ती माणसाचे उत्तर काय? संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले, की आत्मा देहात भाडेकरूसारखा राहत नाही. आत्मा आणि देह मिळून एक माणूस होतो. तेव्हा 'माझ्याकडे शरीर आहे' हे बोलणे 'माझ्याकडे सायकल आहे' यासारखे नाही. मी माझ्या सायकलचा मालक आहे; माझ्या हाताचा मी मालक नाही, तो हात म्हणजे मीच. कांट हा जर्मन तत्त्वज्ञ आपल्या पंथाचा नव्हता, पण त्यानेही हा भेद नीट सांगितला : ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. आणि संत पौल करिंथच्या भाविकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, आणखी पुढे जातो. आपण आपले स्वतःचे नाही, आपला देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, याची तो त्यांना आठवण देतो. देह मिळालेला आहे, कमावलेला नाही. मूरच्या पेशीतील प्रथिने मूरने बनवायला घेतली नव्हती, डॉक्टरांनी तर नाहीच नाही. ती त्याच्यात होती, जशी तुमच्या-माझ्यात आहेत.

जे मिळालेले आहे त्याचे काय करता येते? ते विकणे बरोबर नाही. ते कोणी हिसकावणेही बरोबर नाही. ते फक्त देता येते. आणि देण्यासाठी एक साधी गोष्ट लागते : कोणीतरी विचारले पाहिजे.

माझ्या मते मूरवर झालेला खरा अन्याय इथे आहे. त्याचे डॉलर बुडाले ही गोष्ट दुय्यम. आपल्या वाडीतले उदाहरण घ्या. शेजाऱ्याच्या घरी लग्न आहे. त्याने येऊन सांगितले, 'पाहुणे वाढलेत, केळीचा एक घड दे,' तर आपण दोन देऊ आणि आनंदाने लग्नाला जाऊ. तोच घड त्याने रात्री न विचारता कापून नेला, तर? घड तोच, लग्न तेच, खाणारे पाहुणेही तेच. आपले नुकसान उलट एका घडाने कमीच झाले. तरीही मनात काहीतरी मोडते, कारण शेजाऱ्याने घडाबरोबर आपले देणेही चोरले. आपण देऊ शकलो असतो. ती संधी त्याने आपल्याला ठेवली नाही.

पॅरिसच्या स्वयंसेवकांना विचारले गेले, म्हणून ते संशोधनाचे सोबती झाले आणि तिघांच्या नावांची अक्षरे त्या शोधाला लागली. मूरचेही नाव पेशींना लागले, पण त्याला न विचारता. एकीकडे नाव हा सन्मान झाला, दुसरीकडे ते नुसते डबीवरचे लेबल उरले.

इथे कोणी मला अडवील : 'फादर, त्या पेशींमुळे लोकांचे भलेच झाले ना?' होय, झाले. त्यांच्या मदतीने १९८५ मध्ये 'जीएम-सीएसएफ' नावाच्या प्रथिनाचे जनुक वेगळे काढता आले. हे प्रथिन बोन मॅरोला नव्या पांढऱ्या पेशी तयार करायला लावते. त्यावर आधारित औषधाला १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणानंतर पांढऱ्या पेशी लवकर भरून येण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. हे चांगले फळ मी नाकारत नाही. परंतु चांगले व्हावे म्हणून वाईट करू नये, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. शिवाय इथे ते वाईट करण्याची गरजही नव्हती. विचारले असते तर मूर कदाचित आनंदाने 'हो' म्हणाला असता. त्यांनी विचारले नाही, कारण विचारायचे म्हणजे करारही दाखवावा लागला असता.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, आणि तो खरा आहे. शरीर विकू नये असे आपण म्हणतो, पण मग सगळ्या साखळीत फुकट देणारा फक्त रुग्णच का? विद्यापीठ पेटंट घेते, कंपनी नफा घेते, आणि उदारतेचे प्रवचन तेवढे खाटेवरच्या माणसाला. हे न्यायाचे नाही. दान म्हणून घेतलेल्या वस्तूला दानासारखेच वागवले पाहिजे. तिच्यापासून बनलेले औषध देणाऱ्यासारख्या साध्या माणसाच्या आवाक्यात असले पाहिजे. हे अशक्य नाही. पांढऱ्या पेशींवरील खुणा ओळखण्याचे सर्वांत उपयोगी साधन, म्हणजे एकाच साच्याची प्रतिपिंडे तयार करण्याची रीत, १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी शोधली. त्या मूळ रीतीचे पेटंट घेतले गेले नाही. जगातली कोणतीही प्रयोगशाळा ती वापरू शकली. १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर बोलताना अवयवांचा व्यापार नैतिकदृष्ट्या अमान्य ठरवला आणि देणाऱ्याला नीट समजावून त्याची संमती घेण्यावर भर दिला. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही परिच्छेद २२९६ मध्ये अवयवदानाचा गौरव आहे, आणि स्पष्ट संमती नसेल तर ते मान्य नाही हेही आहे. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संशोधनासाठी दिलेल्या नमुन्यावर देणाऱ्याचा हक्क राहतो आणि संस्था त्याची राखणदार असते, असे ती सांगतात. 'राखणदार' हा शब्द मला आवडतो. तो आपल्या श्रद्धेच्या फार जवळचा आहे.

पण नियम कागदावर राहतात आणि कागद आपण न वाचता सही करतो. दवाखान्यात भरती होताना चार-पाच पाने पुढे येतात, बहुधा इंग्रजीत. घरचे घाबरलेले, रुग्ण कण्हत असतो. 'इथे, इथे आणि इथे' असे बोट दाखवले जाते आणि आपण सह्या करतो. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. आजीआजोबांना भरती करताना घरातील शिकल्यासवरल्या मुलाने कागद वाचून त्यांना मराठीत सांगावा. सही त्यांची आहे, तर समजही त्यांची असू द्या. नमुना संशोधनासाठी वापरणार का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि आपल्यापैकी ज्या भगिनी नर्स आहेत, जे लॅबमध्ये काम करतात, त्यांनी एक मिनिट जास्त काढून समजावून सांगावे. त्या एका मिनिटात समोरचा माणूस नमुन्याचा माणूस होतो.

आणि विचारले गेले, तर मोकळ्या मनाने द्या. संशय हा या लेखाचा हेतू नाही. संशोधनाला आपले रक्त हवे आहे. बोन मॅरोसाठी जुळणारा दाता शोधणाऱ्या नोंदण्या आपल्याकडेही आहेत. 'दात्री' ही संस्था २००९ पासून हे काम करते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नोंद होते. कदाचित कधीच बोलावणे येणार नाही. कदाचित एखाद्या दिवशी, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही अशा कोणाची खूण आपल्याशी जुळेल.

दर रविवारी आपण वेदीपाशी येतो ते एका दिलेल्या देहासाठी. शिपायांनी तो देह बळाने धरला, बांधला, खिळला. बाहेरून पाहणाऱ्याला तो हिसकावून घेतलेलाच वाटला असता. पण योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू अगोदरच सांगून ठेवतो, की आपला प्राण कोणी आपल्यापासून घेत नाही, तो आपण स्वतः होऊन देतो. आदल्या रात्री, पकडला जाण्याआधी, त्याने भाकर मोडून आपला देह शिष्यांच्या हाती दिलेला होता. शत्रूंना त्याचे देणे चोरता आले नाही. कोणाही आजारी, अडाणी, घाबरलेल्या माणसाचे देणे आपल्या हातून चोरले जाऊ नये, एवढे भान ठेवून आज आपण ख्रिस्तप्रसादासाठी पुढे येऊ या.

आपला,
धर्मगुरू